शर्करा, शक्कर आणि शरबत

मागील वर्षी परीक्षेच्या दिवसांत आमच्या शाळेतील मुलांनी फाटकापाशी शरबताची सबील मांडली होती. उन्हाचा तडाखा मोठा. येणाऱ्याजाणाऱ्याला, मग तो पालक असो, शिपाई असो की बाजारला निघालेला शेतकरी, लाल रंगाचे थंडगार शरबत मिळत होते. दुसऱ्या दिवशी इयत्ता आठवीच्या वर्गात त्यावरून वाद जुंपला. एक विद्यार्थी म्हणाला, "शरबत आपले आहे. मुघलांनी आणले." त्याच्याच बाकावर बसणारा त्याचा मित्र म्हणाला, "ऊस आमच्या रानात, गूळ आमच्या गुऱ्हाळात. मग शरबत तुमचे कसे?" दोघेही मला साक्षीला बोलावू लागले. वर्ग हसत होता, पण ते दोघे मात्र हसत नव्हते, आणि माझेही हसू आटले. तेरा वर्षांच्या मुलांच्या तोंडी "तुमचे" आणि "आमचे" हे शब्द इतक्या सहजपणे येतात, त्या अर्थी ते कोठून तरी शिकून आले असले पाहिजेत. "पुढच्या सोमवारी सांगतो," असे म्हणून मी वेळ मारून नेली. इतिहासाच्या शिक्षकाने ऐकीव गोष्टी सांगू नयेत असे आमचे प्राध्यापक आम्हांला बजावीत असत. त्या आठवड्यात जे वाचले, पडताळले आणि स्वतःच्या स्वयंपाकघरात करून पाहिले, ते या स्मरणिकेच्या निमित्ताने पालक आणि विद्यार्थी यांच्यासमोर ठेवीत आहे.

आरंभ शब्दांपासून करू. कारण शब्द खोटे बोलत नाहीत, फक्त त्यांना बोलते करावे लागते.

'शरबत' हा शब्द अरबी. शीन, रे आणि बे या तीन अक्षरांचा धातू, त्याचा अर्थ पिणे. जे प्यावे ते शरबत आणि जे प्यावे ते 'शराब'ही. अरबीत शराब म्हणजे केवळ पेय. मद्य हा अर्थ त्याला पुढे फारसी-उर्दूत चिकटला. सूरह नहलमध्ये मधमाशीच्या पोटातून निघणाऱ्या मधासाठी 'शराब' हाच शब्द आला आहे, हे आपल्यातील किती जणांना ठाऊक असते? हाच शब्द समुद्रापलीकडे गेला आणि युरोपात 'सिरप' झाला. 'शर्बेट' आणि 'सॉर्बे' हीही त्याचीच भावंडे. डॉक्टर खोकल्यावर जे सिरप देतात आणि आपण इफ्तारला जे शरबत पितो, ती एकाच घराण्यातली होत.

परंतु या शरबतात विरघळते ते काय? साखर. आणि साखरेचे घराणे संस्कृत. 'शर्करा' म्हणजे मुळात बारीक खडे, वाळू. त्यापासून फारसीत 'शकर', अरबीत 'सुक्कर' आणि तेथून युरोपच्या बहुतेक भाषांत तो शब्द गेला. 'खंड' म्हणजे तुकडा. त्याचे अरबी-फारसीत 'कंद' झाले आणि इंग्रजीत 'कँडी'. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात फाणित, गूळ, मत्स्यंडिका, खंड आणि शर्करा अशी उसाच्या पदार्थांची ओळीने यादी दिली आहे. पातळ काकवीपासून खडेदार साखरेपर्यंतच्या पायऱ्याच त्या. म्हणजे बाकावरील दुसरा विद्यार्थीही चुकला नव्हता. इ.स. 647 मध्ये चीनचा सम्राट ताइ-त्सुंग याने साखर करण्याची कृती शिकण्यासाठी आपली माणसे मगधात पाठविली होती. पुढे गंमत अशी की पांढऱ्या साखरेला आपल्याकडे 'चिनी' आणि खडीसाखरेला 'मिश्री' म्हणजे मिस्रची, इजिप्तची, असे म्हणू लागले. मुलगी सासरी गेली, तिकडे नावारूपाला आली आणि माहेरी परतली तेव्हा तिला सासरच्या नावाने हाक मारू लागले, त्यातलाच हा प्रकार.

आता 'गुलाब' घ्या. फारसीत 'गुल' म्हणजे फूल आणि 'आब' म्हणजे पाणी. तेव्हा गुलाब म्हणजे फुलाचे पाणी. इराणात आजही गुलाब म्हटले म्हणजे गुलाबपाणीच. आपण हिंदुस्थानी लोकांनी मात्र पाण्याचे नाव फुलाला दिले आणि मग पाण्याला 'गुलाबपाणी' म्हणू लागलो. त्यात पाणी दोनदा आले! अरबांनी याच गुलाबाचे 'जुलाब' केले. त्यांच्या वैद्यकात जुलाब म्हणजे गुलाबपाणी आणि साखर यांचे गोड औषधी पेय. युरोपात त्याचे 'ज्युलेप' झाले. मराठीत त्याचे काय झाले ते मी वर्गात सांगितले तेव्हा पाच मिनिटे वर्ग आवरला नाही. हकीम लोक कोठा साफ करण्याचे औषध गोड पेयातून देत असत, त्यामुळे पेयाचे नाव परिणामाला चिकटले. इतक्या सुगंधी शब्दाची इतकी दुर्दशा दुसऱ्या कोणत्याही भाषेत झाली नसावी. असो. 'गुलकंद' या शब्दाने मात्र सगळी भरपाई केली. अर्धा फारसी गुल, अर्धा संस्कृत खंड. या शब्दाची वाटणी करा म्हटले तर ना फूल हाती लागेल ना साखर.

शब्दांचे एवढे पुरे. आता माणसांकडे वळू.

इस्लामच्या पहिल्या शतकांत इराणातील जुंदीशापूर आणि नंतर बगदाद येथे ग्रीक, इराणी आणि हिंदी वैद्यक एकत्र आले. जुंदीशापूरशी संबंध असलेला वैद्य साबूर इब्न सह्ल (मृत्यू इ.स. 869) याने औषधयोगांचा जो ग्रंथ लिहिला त्यात शरबतांना वेगळा विभाग आहे. त्या काळी शरबत ही चैन नव्हती. कडू काढा रोग्याच्या गळी उतरावा आणि औषध महिनोन्‌महिने टिकावे, या दोन गरजांतून ते आले. आधी मध वापरीत. साखर मुबलक झाली तशी मधाची जागा साखरेने घेतली. 'सिकंजबीन' हे त्या काळचे प्रसिद्ध औषध म्हणजे सिरका आणि मध यांचे पेय. आपण शिकंजी म्हणून लिंबाचे पाणी पितो, ती याचीच नात.

येथे एक दुरुस्ती करणे भाग आहे. आपल्या सभा-संमेलनांत वक्ते हमखास सांगतात की गुलाबपाण्याचा शोध इब्न सिना याने लावला. इब्न सिना (980 ते 1037) थोर होता, त्याला आणखी थोर करण्याची गरज नाही. त्याच्या जन्मापूर्वी शंभराहून अधिक वर्षे अल्-किंदी याने सुगंधी द्रव्ये आणि ऊर्ध्वपातन यांवर स्वतंत्र पुस्तक लिहिले होते. इराणातील फार्स प्रांतात जूर नावाचे गाव गुलाबपाण्यासाठी प्रसिद्ध होते. खलिफा मामून याच्या काळातील वसुलीची जी यादी इब्न खल्दून याने दिली आहे, तीत फार्स प्रांताकडून गुलाबपाण्याच्या 30,000 बाटल्या येत असल्याची नोंद आहे. ज्या वस्तूवर सरकार कर बसविते ती वस्तू एका माणसाच्या डोक्यातून एका रात्रीत निघालेली नसते. मुलांनी आपल्या पूर्वजांचा अभिमान जरूर बाळगावा, पण तो तारखा तपासून बाळगावा.

मग शरबत हिंदुस्थानात मुघलांनी आणले हे म्हणणे कितपत खरे? बाबर आला 1526 मध्ये. त्याच्या दोनशे वर्षे आधी, 1334 च्या सुमारास, मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता दिल्लीत पोहोचला. जेवणापूर्वी सोन्याचांदीच्या आणि काचेच्या प्याल्यांतून साखरेचे गोड पाणी देतात, त्याला शरबत म्हणतात आणि ते प्याल्यावर मग बिस्मिल्लाह म्हणून जेवणाला सुरुवात होते, असे त्याने लिहून ठेवले आहे. हाच प्रवासी 1342 मध्ये दिल्ली सोडल्यावर आपल्या मराठवाड्यात, दौलताबादला आला. तेथील द्राक्षे आणि डाळिंबे वर्षातून दोनदा येतात असे सांगून त्याने मराठी माणसांच्या साध्या आहाराचेही वर्णन केले आहे. बाबराने तर उलट तक्रारच केली आहे की या देशात ना बर्फ मिळतो ना थंड पाणी! पाणी गार करण्यासाठी सोऱ्याचा वापर कसा करीत, ते अकबराच्या काळच्या 'आईन-ए-अकबरी'त दिले आहे. तेव्हा मुघलांकडे श्रेय द्यायचेच तर ते शरबत थंड करण्याचे द्यावे. पेय त्यांच्या आधीच येथे होते. आणि त्याहीपूर्वी आपल्याकडे 'पानक' होते. आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथांत त्याचे वर्णन आहे आणि आपण चैत्रात कैरीचे जे पन्हे करतो ते नाव त्यातूनच आले.

माळव्याचा सुलतान गियासुद्दीन खलजी (राज्यकाल 1469 ते 1500) याने मांडूला बसून 'निअमतनामा' नावाचे पाकपुस्तक लिहवून घेतले. भात, मांस, पान, अत्तरे, शरबते असे सर्व काही त्यात आहे, तेही चित्रांसह. त्याची हस्तलिखित प्रत आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. विजापूरच्या इब्राहिम आदिलशाह दुसरा याच्यासाठी तर केवळ सुगंधांवर 'इत्र-ए-नौरसशाही' हा ग्रंथ तयार झाला. दख्खनचे सुलतान फुलांना किती मानीत याचा हा पुरावा. पुढे जहांगीर बादशहाच्या काळात त्याची सासू, नूरजहानची आई अस्मत बेगम, हिच्या लक्षात आले की गरम गुलाबपाणी पसरट भांड्यांत ओतले की वर तेलाची बारीक साय जमते. तिने ती थेंबाथेंबाने गोळा केली आणि गुलाबाचे अत्तर झाले. जहांगीरने स्वतःच्या आठवणींत ही हकीकत मोकळेपणाने लिहिली आहे, सासूला मोत्यांची माळ बक्षीस दिली तेही लिहिले आहे. स्वयंपाकघरातील एका बाईची नजर दरबारी दप्तरात पोहोचण्याचे असे प्रसंग इतिहासात थोडे. ज्या बायकांची नजर पोहोचली नाही त्यांची गणती कोण ठेवणार?

त्यांतली एक माझी दादी.

आमचा भाग 1948 पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. हैदराबादेत युनानी वैद्यकाला राजाश्रय होता, चारमिनारजवळ मोठा युनानी दवाखाना उभा होता, आणि गावोगावचे हकीम शरबत बनफ्शा, शरबत उन्नाब, शरबत नीलोफर, शरबत गुढल अशी नावे लिहून देत. गुढल म्हणजे आपली जास्वंद. दादीला लिहिता-वाचता येत नव्हते, पण हकीमसाहेबांच्या तोंडून ऐकलेली ही नावे आणि कृती तिला पाठ होत्या. ती फुलांचे शरबत करी ते साखरेचे नव्हे. रेशनची साखर मोजून मिळे, ती ईदच्या शीरखुर्म्यासाठी डब्यात कुलूपबंद. आईने साखरेला हात लावला की दादी म्हणे, "शक्कर कायकू लेती? काकवी है ना घर में!" मोहरममध्ये सबीलसाठी गुळाचे शरबत होई, त्यात बडीशेप आणि मिरी कुटून घालीत. मातीच्या रांजणातून ते गल्लीतील सर्वांना मिळे आणि रांजण भरायला पाणी कोणाच्या विहिरीचे आहे हे कोणी विचारीत नसे.

आज आपल्याकडे साखरेचा तोटा नाही. बिलोलीच्या पलीकडे मांजरा ओलांडली की बोधन. तेथील निजाम शुगर फॅक्टरी 1937 मध्ये उभी राहिली, वस्तीचे नावच शक्करनगर पडले आणि 2015 मध्ये तिची धुराडी थंडावली. आपल्या नायगाव तालुक्यात कुंटूरला कारखाना आहे. साखर पिकली, पण 2016 च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पिण्याचे पाणी आणावे लागले, हेही याच मराठवाड्यात घडले. उसाला किती पाणी द्यावे यावर तज्ज्ञ बोलतील. मी एवढेच सांगतो की दिवाळी झाली की माझ्या हजेरीपटावरील काही नावांपुढे शून्ये पडू लागतात. आईबाप कोयता घेऊन ऊसतोडीला जातात आणि धाकट्या भावंडांना सांभाळायला मुलगी शाळा सोडून बरोबर जाते. चहात साखर ढवळताना ही शून्ये मला दिसतात. विषयांतर झाले खरे, पण साखरेचा इतिहास लिहायचा आणि ते सांगायचे नाही हे मला जमण्यासारखे नाही.

आता कृतीकडे येतो. काही पालकांनी सबीलच्या दिवशीच विचारले होते, "मास्तर, हे लाल कशाने झाले?" मी बाटलीवरील लेबल वाचून दाखविले: साखर, पाणी, रंग आणि सुवास. फुलाची एक पाकळीही नाही. त्या दिवशी मला थोडी लाज वाटली, आणि घरी करून पाहण्याचे तेव्हाच ठरविले.

फूल निवडताना सावध राहावे. गावठी, गुलाबी, वासाचा गुलाब घ्यावा. हाराच्या दुकानातील लांब देठाचे टपोरे गुलाब घेऊ नयेत, त्यांवर औषधांची फवारणी असते आणि वासही बेताचाच. मोगरा, जास्वंद, पळस ही आपल्या ओळखीची फुले. पण फूल सुंदर आहे म्हणून ते पोटात घालण्याजोगे असते असे नाही. कण्हेर आणि धोतरा ही विषारी होत. मुलांना हे आधी शिकवावे, शरबत नंतर.

गुलाबाच्या 200 ग्रॅम पाकळ्या धुऊन, त्यांवर उकळून खाली उतरविलेले अर्धा लिटर पाणी ओतावे आणि झाकण घालून रात्रभर ठेवावे. पाकळ्या पाण्यात घालून उकळू नयेत. फुलाचा वास हा उडून जाणारा पदार्थ आहे. घरभर घमघमाट सुटला म्हणजे तो भांड्यातून गेला असे समजावे. सकाळी मलमलीतून गाळून पाणी वजन करावे आणि वजनाच्या दुप्पट खडीसाखर किंवा खांडसरी घालावी. पाणी 400 ग्रॅम भरले तर साखर 800 ग्रॅम. मंद आचेवर विरघळू द्यावी, वर येणारा मळ काढावा, अर्ध्या लिंबाचा रस पिळावा, एकदोन उकळ्या आल्या की उतरवावे. कोमट झाल्यावर दोन चमचे चांगले गुलाबजल घालावे आणि कोरड्या, उकळत्या पाण्यातून काढलेल्या बाटलीत भरावे. एका पेल्याला दोन मोठे चमचे पुरतात.

दुप्पट साखर कशासाठी, हे मला अनुभवाने कळले. पहिल्या खेपेला मी काटकसर म्हणून पाणी आणि साखर सारखी घेतली. आठव्या दिवशी रात्री बाटलीचे बूच फट्‌दिशी उडाले आणि माजघरात ताडीचा वास पसरला. दादी खाटेवरून म्हणाली, "देखो, बीएड वाले मास्तर ने शराब बनाई!" अरबी धातूचा असा प्रत्यक्ष पाठ मला कोणत्याही शब्दकोशाने दिला नव्हता. आमच्या विज्ञानाच्या सरांनी दुसऱ्या दिवशी उलगडा केला. साखर पुरेशी दाट असली की ती जंतूंच्या अंगातील पाणी ओढून घेते, त्यांना वाढताच येत नाही. औषधशास्त्रात साध्या पाकाचे जे ठरलेले प्रमाण आहे त्यात शंभर भागांत सुमारे 66.7 भाग साखर असते, म्हणजे दोनास एक. याहून पातळ केले तर आंबते, फार दाट केले तर तळाशी खडे धरते. लिंबाचा आंबटपणा साखरेचा काही भाग फोडून खडे धरू देत नाही. दादी हे सगळे दोन बोटांत पाक धरून एक तार पाहून ठरवीत असे. जुंदीशापूरच्या वैद्यांनीही तराजूखेरीज आपल्या डोळ्यांचा आणि बोटांचाच आधार घेतला असेल.

गुळाचे किंवा काकवीचे शरबत करायचे असेल तर एक गोष्ट ध्यानात ठेवावी. गुळाला स्वतःचा वास आहे, त्याच्यापुढे मोगऱ्याचा टिकाव लागत नाही. गुलाब थोडाफार लागतो, बडीशेप आणि पळस चांगले जमतात. गूळ घ्यावा तो काळपट, पिवळाधमक नव्हे. गुळाचा रंग उजळावा म्हणून गुऱ्हाळात हायड्रोसची पूड टाकतात. जुने गुळवे भेंडीच्या चिकट पाण्याने रसातील मळ वर आणीत, ते आजही काही ठिकाणी करतात. गूळ पाण्यात विरघळवून आधी कापडातून गाळावा, मग उकळावा. हे शरबत साखरेच्या शरबताइतके टिकत नाही. थंड जागी ठेवून दोन-तीन आठवड्यांत संपवावे. आणि 'नैसर्गिक' या शब्दाने फसू नये. गुळात थोडे क्षार असतात हे खरे, पण ज्यांना मधुमेह आहे त्यांच्या रक्ताला गूळ आणि साखर यांतील फरक फारसा कळत नाही. आमच्याच घरात हा गैरसमज महाग पडला आहे, म्हणून सांगतो.

जास्वंदाचे शरबत मात्र मुलांनी एकदा तरी करावे. लाल पाकळ्या गरम पाण्यात टाकल्या की पाणी जांभळट होते. त्यात गूळ घातला तर रंग मळतो, कारण रस साफ करताना चुना घातल्याने गुळाची आम्लता मोडलेली असते. मग लिंबू पिळायचे. पाहता पाहता पाणी लालभडक होते. प्रयोगशाळेत लिटमसचा कागद जे दाखवितो तेच. आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत लिटमस संपला होता तेव्हा जास्वंदावरच आठवीचे प्रात्यक्षिक उरकले. गणपतीला वाहिले जाणारे फूल हकिमाच्या शरबतात कसे, हा प्रश्न मात्र कोणी विचारला नाही.

बाजारच्या शरबताला मी नावे ठेवली, म्हणून एका बाजारी शरबताची चांगली बाजूही सांगितली पाहिजे. हकीम हाफिज अब्दुल मजीद यांनी 1906 मध्ये दिल्लीत हमदर्द नावाचा दवाखाना काढला आणि पुढच्याच वर्षी, 1907 मध्ये, उन्हाळ्याच्या त्रासावर उतारा म्हणून 'रूह अफ्जा' तयार केले. फळे, फुले, वनस्पती यांचे अर्क साखरेच्या पाकात. आजही त्या बाटलीत सर्वांत जास्त असते ती साखरच. हकीमसाहेब 1922 मध्ये वारले तेव्हा मुले लहान होती. त्यांच्या पत्नी राबिया बेगम यांनी धंदा सावरला. फाळणीत घराण्याचीही वाटणी झाली. थोरले हकीम अब्दुल हमीद दिल्लीत राहिले, धाकटे हकीम मोहम्मद सईद यांनी 1948 मध्ये कराचीला नवे हमदर्द उभे केले. त्याच 1948 मध्ये अब्दुल हमीद यांनी दिल्लीची हमदर्द वक्फ केली, म्हणजे नफा घरात न नेता लोकांच्या कामासाठी लावून दिला. त्या पैशातून वैद्यकाच्या इतिहासाची संशोधन संस्था निघाली, शाळा-महाविद्यालये निघाली आणि 1989 मध्ये जामिया हमदर्दला विद्यापीठाचा दर्जा मिळाला. धाकट्या भावानेही कराचीत विद्यापीठ काढले. देश दोन झाले, बाटलीतला रंग एकच राहिला आणि दोन्हीकडे त्यातून वर्गखोल्या बांधल्या गेल्या. आपल्यासारख्या छोट्या गावातील संस्था वर्गणीसाठी दारोदार फिरत असते, तेव्हा ही हकीकत मला पुन्हा पुन्हा आठवते. पेलाभर शरबताचे पैसे कोठे जातात हे पाहण्याची सवय आपणा सर्वांना लागली तर बरे होईल, असे मनात येते. पण उपदेशाचा मोह आवरतो.

ठरल्याप्रमाणे सोमवारी मी वर्गात हे सगळे सांगितले. तास संपला तरी फळ्यावर दोन बाजूंना शर्करा आणि शरबत हे शब्द होते आणि मध्ये बाणांचे जाळे. ज्या दोघांत वाद झाला होता त्यांतील शेतकऱ्याच्या मुलाने विचारले, "सर, मग पहिले शरबत नेमके कोणी केले?" मी म्हणालो, "ज्याला तहान लागली होती त्याने." त्याचे समाधान झाले नाही, आणि होऊही नये. दुसऱ्याने विचारले की यंदाच्या सबीलला बाटली न आणता घरीच केले तर किती फुले लागतील. मग दोघांनी मिळून हिशेब मांडला. दोनशे पेले, पेल्याला दोन चमचे, म्हणजे सहा लिटर पाक, म्हणजे सव्वा ते दीड किलो गुलाबपाकळ्या. इतका गावठी गुलाब नायगावात मिळणार नाही, असे दोघांचे एकमत झाले.

तेव्हा पळसावर काम ठरले आहे. 2025 साली रमजान मार्चमध्ये आला होता आणि पुढील काही वर्षे तो हळूहळू थंडीकडे सरकत जाणार. म्हणजे पळस फुलण्याचे दिवस सध्या रोजाच्या दिवसांच्या आसपासच आहेत. किनवटच्या जंगलात तो भरपूर फुलतो, पण आपल्या बांधावरही झाडे आहेत. झाडाखाली स्वच्छ कापड अंथरून सकाळी पडलेली फुले गोळा करावीत, देठाकडील काळा भाग काढून टाकावा, दोनतीन पाण्यांनी धुवावे आणि रात्रभर भिजत घालावे. सकाळी केशरी पाणी मिळते. सावलीत वाळवून ठेवली तर फुले उन्हाळाभर पुरतात. गूळ कोणाच्या घरून आणायचा ते त्या दोघांनी मला अजून सांगितलेले नाही; दोघेही आपल्याच घरून आणतो म्हणत आहेत.